मर्डॉकचा विस्तव

"त्यानं पिस्तूल काढलं का नाई, तेवढं सांग फक्त. ओव्हर."

"काढलं नाही. नुसता मुठीवर हात ठेवलाय. ओव्हर."

"अन् शेरीफ? ओव्हर."

"शेरीफ दारात उभा आहे. पुढचं उद्या, भटकरजी. बॅटरी उतरतेय. ओव्हर."

 वायरलेसमधून शेषराव भटकरांचा आवाज आला, "उद्यापर्यंत त्याले तसाच दारात उभा ठेवतं का रे बापा? पाय दुखतीन त्याचे. ओव्हर अँड आउट."

मी हसत सेट बंद केला. हसू ओसरलं तशी झोपडी पुन्हा गप्प झाली. बाहेर सागाची वाळकी पानं वाऱ्यानं सरकत होती आणि समोर, मधली खोल दरी ओलांडून, सालई टेकडीवर एक बारीक दिवा लागला होता. तो दिवा म्हणजे भटकरजी. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

ही गोष्ट मेळघाटातली, मी वनखात्यात नवा होतो तेव्हाची. उन्हाळ्यात तिथलं जंगल काडीसारखं वाळतं. एक ठिणगी पडली तर डोंगरच्या डोंगर जळतो. म्हणून होळीपासून पहिल्या पावसापर्यंत उंच टेकड्यांवर एकेक माणूस बसवत. मी भवरी टेकडीवर, भटकरजी सालई टेकडीवर. झोपडीत एक खाट, एक चूल, पाण्याचे कॅन, वायरलेस आणि टेबलावर चिकटवलेला नकाशा, त्याच्यावर होकायंत्र. धूर दिसला की तो कुठल्या दिशेला आहे ते खाली रेंज ऑफिसला कळवायचं. गंमत अशी की एका टेकडीवरून फक्त दिशा कळते. धूर जवळ आहे की दहा कोसांवर, ते काही केल्या सांगता येत नाही. दुसऱ्या टेकडीनं आपली दिशा दिली की ऑफिसात नकाशावर दोन रेघा ओढतात आणि त्या जिथं एकमेकींना छेदतील तिथं माणसं धाडतात. एकटा माणूस तिथं कितीही डोळे फाडून बसला तरी अर्धाच.

मी कागलचा. आमच्या घरात रात्री हात लांब केला तर कुणाच्या तरी नाकावर पडायचा. असल्या घरातून उठून मी त्या टेकडीवर गेलो. पहिले काही दिवस हौसेत गेले. मग टेकडी खायला उठली. दिवसभर डोळ्यांसमोर नुसतं पिवळं गवत, भुंड्या फांद्या आणि उन्हात थरथरणारी हवा. मी चहाच्या भांड्याशी बोलायला लागलो. एकदा भांड्यावर रागावलोसुद्धा, आणि नंतर त्याची समजूत काढली. तेव्हा मात्र मला माझीच भीती वाटली.

मी ठरवलं, आता पुरे. आठवड्याच्या बाजारानंतर हिराजी कासदेकर नावाचा कोरकू गडी पाणी आणि शिधा घेऊन वर यायचा. आधी सालईला, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे. पुढच्या खेपेला त्याच्याबरोबर उतरायचं आणि परत यायचं नाही. नोकरी गेली तर गेली. घरी वडिलांना काय सांगायचं तेही मी घोकून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी रिपोर्ट झाला, ऑफिसनं सेट बंद केला आणि मागून एक म्हातारा आवाज आला, "भवरी, जेवला का? ओव्हर."

खाजगी बोलायला सक्त मनाई होती. तोवर सालईशी माझं 'ऑल क्लिअर'पलीकडे बोलणं नव्हतं.

"जेवलो. ओव्हर."

"काय केलतं? ओव्हर."

"खिचडी. ओव्हर." मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "हिराजी उतरतो ती वाट एकट्याला सापडेल का हो? किती वेळाची आहे? ओव्हर."

 "वाट सोपी हाय. पन वाटेत अस्वल बसते. काहून विचारलं? ओव्हर."

"सहज. ओव्हर."

"सहज कोनी वाट विचारत नाई, राजा," एवढं बोलून त्यांनी सेट बंद केला.

हिराजी आला तेव्हा मी पिशवी भरून दारात तयार बसलो होतो. त्यानं पाण्याचे कॅन उतरवले, पीठ, बटाटे, कांदे काढले आणि शेवटी पिठाच्या पिशवीतून एक पुस्तक बाहेर काढून माझ्यापुढे धरलं. खिशात मावेल असलं, स्वस्तातल्या कागदाचं पॉकेटबुक. वरचं चित्र गेलेलं, नाव गेलेलं.

"हे काय?"

"वाचाले. बाजारात पुडी बांधून राहिला होता दुकानदार. मी मागून घेतलं."

हिराजीला वाचता येत नव्हतं. त्याला पुस्तक मागून घ्यायची बुद्धी कशी झाली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण माझं चित्त खाली उतरण्यात होतं. "बस जरा सावलीत," मी म्हणालो, "मग मीपण येतोय तुझ्यासंगं." तो तंबाखू मळत बसला आणि मी, वेळ काढायचा म्हणून, पुस्तक उघडलं.

अमेरिकेतली गोष्ट होती. रेल्वे नुकतीच पोचलेली, कायदा अजून पोचायचा होता, असा मुलूख. सायलस मर्डॉक नावाचा पिकल्या मिशांचा दरोडेखोर. बँका लुटून लुटून दमलेला. त्याच्याबरोबर नेड नावाचा एक पोरगा, नेमबाज पण उतावळा. मागावर शेरीफ आणि त्याची घोडेस्वारांची टोळी. मैलोन्‌मैल वाळकं गवत, उघडे डोंगर, उन्हात थरथरणारी हवा. मी मान वर करून समोर पाहिलं. तोच मुलूख समोर पसरला होता. फक्त घोडा नव्हता.

तेवढ्यात वायरलेस वाजला. भर दुपारी सालई कधी बोलत नसे.

"हिराजी पोचला का? काय आनलं? ओव्हर."

"पीठ, बटाटे. आणि एक पुस्तक. अमेरिकेतल्या दरोडेखोरांचं. ओव्हर."

"अरे वा! पिस्तुलवाले? मले लई आवडते ते. पन माह्या चष्म्याची काडी मोडली, अक्षर दिसत नाई. संध्याकाळी वाचून दाखवतं का गड्या? दोन-चार पानं. ओव्हर."

मी बटण दाबून धरलं. मी आज खाली चाललोय, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "बघतो. ओव्हर," मी म्हणालो.

हिराजीनं माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि रिकामे कॅन खांद्यावर टाकून एकटाच उतरून गेला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, ऑफिस बंद झालं की मर्डॉक सुरू. बॅटरी जपायची म्हणून दोन-तीन पानांच्या पुढे जायचं नाही. एरवी असली पुस्तकं मी एका बैठकीत फस्त करून फेकली असती. पण भटकरजींना सोडून पुढचं वाचायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि दिवसभर धुराची वाट बघावी तसा संध्याकाळची वाट बघू लागलो.

आणि ऐकणारा तरी कसा! नुसतं ऐकून घेतील तर ते भटकरजी कसले? त्या पुस्तकातल्या माणसांच्या अब्रूचा त्यांनी पार पंचनामा केला.

"थांब. त्या घोड्याले पानी कोनं पाजलं? दोन दिसांपासून पळून राह्यला तो. ओव्हर."

"पुस्तकात लिहिलेलं नाही. ओव्हर."

"मंग मेला असंन घोडा. पुढं वाच."

पण त्यांचा खरा राग विस्तवावर होता. मर्डॉक आणि नेड रोज रात्री उघड्यावर जाळ करायचे, कॉफी प्यायचे, आणि शेरीफची चाहूल लागली की घोड्यावर उडी मारून पसार.

"विस्तव विझवला का त्यानं? ओव्हर."

"भटकरजी, मागे बंदुका लागल्यात त्याच्या. ओव्हर."

"लागू दे ना. एवढं वाळलं गवत अन् हा जाळ तसाच सोडून जाते? दरोडे राहू द्या. आगीच्या गुन्ह्यात धरा याले पयले. ओव्हर."

मी एकटा खाटेवर लोळून हसलो. मग मीच मधूनमधून एखादं वाक्य घुसडू लागलो, "निघण्यापूर्वी मर्डॉकनं निखाऱ्यांवर माती लोटली." पलीकडून लगेच समाधानाचा हुंकार यायचा, "हां. आता मानूस वाटते."

हळूहळू पुस्तकाच्या आजूबाजूचंही बोलणं व्हायला लागलं. त्यांचं गाव दर्यापूरकडचं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी सुरतेला दिलेली. सालईवर ते किती उन्हाळे बसले ते त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं.

"कोणी येतं का तिकडे? ओव्हर," मी एकदा विचारलं.

"हिराजी येते. ओव्हर."

"हिराजीशिवाय? ओव्हर."

"एकदा एक साहेब येनार होते, पाहनीले. मी चाय ठेवला होता. वाटेतूनच वापस गेले. चाल, वाच पुढं. ओव्हर."

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी मला पूर्वेला धूर दिसला. बारीक, उदबत्तीएवढा. होकायंत्रावर नजर लावून मी दिशा सांगितली. भटकरजींनी त्यांची सांगितली. ऑफिसनं रेघा ओढल्या, गाडीभर माणसं निघाली आणि अंधार पडायच्या आत आग आटोक्यात आली. बांबूचं अख्खं बन वाचलं. त्या संध्याकाळी मर्डॉक राहिला बाजूला. भटकरजी इतकंच म्हणाले, "तू नसता तं मी नुसता बोट दाखवत बसलो असतो, प्रल्हाद." नोकरीत मला पुढं पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. तेव्हाइतका ऊर पुन्हा कधी भरून आला नाही.

आणि मग पुस्तक संपलं. म्हणजे, संपलं नाही. मर्डॉकच्या मांडीला गोळी लागलेली. दोघं एका खिंडीत शिरतात. म्हातारा जाळ पेटवतो आणि नेडला म्हणतो, तू पुढं हो, मी आलोच. नेड घोड्यावर बसतो. इथं पान उलटलं तर पुढं पुठ्ठा. शेवटचं सोळा पानांचं जुडगं शिवणीतून निसटलेलं. दुकानदारानं त्यात जिरं बांधून विकलं असणार, असं मी धरून चाललो.

संध्याकाळ झाली. पलीकडे भटकरजी कान टवकारून बसलेले. एवढे दिवस ऐकणाऱ्या माणसाला, तेही चष्मा मोडलेल्या, आता काय सांगायचं? शेवट नाही म्हणून? मला ते जमेना. मी बटण दाबलं आणि वाचतोय अशा थाटात सांगत सुटलो.

"नेड खिंडीच्या तोंडाशी पोचला. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं धूर दिसत होता. धूर आहे म्हणजे म्हातारा निघालेलाच नाही, हे त्यानं ओळखलं. शेरीफला जाळाकडे ओढून घ्यायचं आणि पोराला निसटू द्यायचं, असा म्हाताऱ्याचा बेत होता. नेडनं घोडा वळवला. तो परत आला. 'गाढवा, कशाला आलास?' मर्डॉक म्हणाला. नेडनं त्याला उचलून घोड्यावर घातलं आणि शेरीफ पोचायच्या आत दोघं डोंगरापलीकडे गेले. समाप्त. ओव्हर."

पलीकडे शांतता. मला वाटलं, बॅटरी गेली.

"विस्तव? ओव्हर."

"विझवला. नेडनं माती लोटून विझवला. ओव्हर."

"असं लिहिलं हाय? ओव्हर."

"हो. ओव्हर."

 "बरं लिहिलं हाय," भटकरजी म्हणाले. आवाज जरा उतरलेला वाटला. पुस्तक संपल्याची हुरहुर असेल, असं मी समजलो. मी मात्र खुशीत होतो. एका म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू दिलं नाही म्हणून.

जूनमध्ये दोन सरी चांगल्या पडल्या आणि टेकड्यांवरचे पहारे उठवायचा हुकूम आला. भटकरांचे गुडघे गेलेत, त्यांचा सेट आणि बॅटरी तूच उतरवून आण, असं रेंजरसाहेबांनी मला सांगितलं. मी पोतं आणि दोर घेऊन निघालो. दरी उतरून सालई चढायला अर्धा दिवस लागला. शेवटच्या चढावर मी मनात वाक्यं जुळवत होतो. रोज बोललेल्या माणसाला पहिल्यांदा भेटताना काय म्हणायचं असतं, ते मला माहीत नव्हतं.

झोपडीपुढे एक किडकिडीत, ठेंगणा माणूस बसला होता. आवाजावरून मी कोणी धिप्पाड गृहस्थ कल्पिला होता.

"प्रल्हाद?" त्यांनी विचारलं. आणि मग पोत्याकडे पाहत, "कामानं आला, का असाच?"

"रेंजरसाहेबांनी पाठवलं. सेट न्यायला."

"हां. बरं झालं." ते उठले. "बस. चाय ठेवतो."

चहा उकळेपर्यंत दोघांनाही शब्द सुचेना. वायरलेसवर बोलून संपलं की ओव्हर म्हणता येतं, मग समोरच्याची पाळी. इथं कुणाची पाळी तेच कळत नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो आणि एकदम माझ्या ध्यानात आलं, त्यांच्या नाकावर चष्मा होता. दोन्ही काड्या धड. जुन्या काड्या, घासून पांढऱ्या झालेल्या.

"चष्मा दुरुस्त झाला का?" मी विचारलं.

ते चुलीकडे बघत हसले. "मोडला कधी होता!" मग आत गेले आणि आढ्यात खोचलेलं काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. स्वस्तातल्या कागदाची, शिवणीतून सोडवलेली पानं. वरच्या ओळीतच मर्डॉकचं नाव होतं.

 "पुस्तक तुमचं होतं?"

"माह्यंच. हिराजीसंग धाडलं. तू वाट विचारली होती ना, तवा. तुह्या पयले दोघं जन पळाले भवरीवरून. आवाजावरून समजते मले."

"म्हणजे तुम्ही वाचलेलं होतं."

"कितीक खेपा. पाठ हाय."

"मग मी शेवट खोटा सांगितला..."

"समजलं तवाच."

"आणि ही पानं? ही का काढून ठेवलीत? मी पळू नये म्हणून?"

भटकरजींनी चहा गाळला.  माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "पळू नाई म्हनून पुस्तक धाडलं. पानं दुसऱ्यासाठी काढली. मले वाटलं, शेवटाले आला का तू म्हनशीन, भटकरजी, पुढची पानं नाईत. मंग मी म्हननार होतो, माह्यापाशी हायेत. हिराजीले बसव एक दिवस टेकडीवर अन् ये इकडं. दोघं मिळून वाचू." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "साखर आनून ठेवली होती चायले. गुळाचा तुले चालते का नाई, मालूम नव्हतं."

मी कप हातात धरून बसलो. चहा साखरेचा होता.  साऱ्या उन्हाळ्यात त्या माणसानं एवढीच एक गोष्ट मागायची ठरवली होती, आणि मी चांगुलपणाच्या भरात ती त्यांच्या तोंडातून काढून घेतली होती.

"आता वाचू," मी पानं उचलली. "आत्ता वाचतो."

त्यांनी पानांवर हात ठेवला. "आता उशीर करू नको, खाली उतराचं हाय तुले वझं घेऊन. तुहाच शेवट सांग एकदा, समोर बसून. हे पुढच्या साली वाचू. मी ठेवतो इथं. येजो मात्र. असाच येजो, बिनकामाचा."

मी नेड परत आला ते सांगितलं. या वेळी ते मध्ये काही बोलले नाहीत. शेवटी मी आपणहून म्हणालो, "आणि नेडनं विस्तव विझवला." त्यांनी मान हलवली. निघताना मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "ओव्हर म्हन, ओव्हर." आम्ही दोघंही हसलो. उतरताना मी तीनदा मागं वळून पाहिलं; ते झोपडीच्या दारात उभे होते.

पावसाळ्यापासून मला दुसऱ्या रेंजला टाकलं होतं; पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः मागून भवरी घेतली. ऑफिसातले मला खुळा म्हणाले. साखरेचा पुडा घेऊन मी टेकडी चढलो, पहिल्या संध्याकाळी रिपोर्ट झाल्यावर बटण दाबलं आणि म्हणालो, "सालई, जेवला का? ओव्हर."

"हो साहेब," एक कोवळा, अनोळखी आवाज आला. "मी नवीन आहे. ओव्हर."

भटकरजी ऑगस्टमध्येच सेवानिवृत्त झाले होते. ऑफिसात सगळ्यांना ते आधीपासून माहीत होतं. 'पुढच्या साली' म्हणताना त्यांनाही माहीत होतं. माझ्यासारखाच त्यांनीही मला एक शेवट रचून सांगितला होता. ते मुलीकडे सुरतेला गेले म्हणून कळलं, तिथला पत्ता कुणापाशी नव्हता.

"तुझ्या झोपडीच्या आढ्यात काही पानं खोचलेली आहेत का बघ. ओव्हर."

तो बघून आला. "छप्पर नवीन आहे साहेब, पत्र्याचं. इथं काहीच नाही. ओव्हर."

मी बटण सोडलं. दरीपलीकडे त्यानं दिवा लावला होता. तिथंच, त्याच जागी. थोड्या वेळानं सेट पुन्हा खरखरला.

"साहेब, एक विचारू? हिराजीची खाली उतरायची वाट... किती वेळाची आहे? ओव्हर."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. वरचं चित्र नाही, नाव नाही, शेवट नाही.

"वाट सांगतो नंतर. आधी ऐक. माझ्याकडे एक पुस्तक आहे, पिस्तुलवाल्यांचं. रोज दोन-तीन पानं वाचीन. शेवटची पानं नाहीत, ते आत्ताच सांगून ठेवतो. शेवट मला तोंडपाठ आहे, पण तो वायरलेसवर सांगायचा नसतो. त्यासाठी हिराजीला एक दिवस तिथं बसवून इकडं यावं लागेल. चहा ठेवतो. साखरेचा चालतो की गुळाचा? ओव्हर."

 मी सेटला कान लावून बसून राहिलो.

"गुळाचा," तो म्हणाला. "इकडून तुमच्याकडे यायची वाट कुठून आहे, साहेब? ओव्हर."